मुलींच्या वसतिगृहातलं गरम पाणी आणि एक तारांकित प्रश्न

अधिवेशन म्हटलं की लोकांना टीव्हीवर जे दिसतं ते आठवतं. पायऱ्यांवरच्या घोषणा, आमदारांच्या गळ्यात कापसाच्या नाहीतर संत्र्यांच्या माळा, अध्यक्ष उभे राहून ‘खाली बसा, खाली बसा’ म्हणतायत आणि मग सभागृह दहा मिनिटांसाठी तहकूब. आमच्यासाठी मात्र हे सगळं अगदी शेवटी यायचं. मी मंत्रालयातून कक्ष अधिकारी म्हणून निवृत्त झाले. विभाग कुठला ते सांगत नाही, जिल्हाही सांगणार नाही. नोकरीतला बराच काळ माझ्या कार्यासनाकडे, म्हणजे मंत्रालयातल्या माझ्या शाखेकडे, विधिमंडळाचं काम होतं. आमदारांच्या प्रश्नांची उत्तरं तयार करायची, ती वरपर्यंत मंजूर करून घ्यायची आणि मंत्र्यांच्या हातात द्यायची. आता कुणी ओळखीचं भेटलं की विचारतं, ‘त्या प्रश्नोत्तरांचा काही उपयोग होतो का हो?’ होतो. पण सभागृहातल्या त्या तासाभरात तो फारसा सापडत नाही; तो आधीच्या महिनाभरात आणि नंतरच्या वर्षभरात असतो. एका प्रश्नाचं सांगते.

कोविडच्या दोन वर्षांत, म्हणजे २०२० आणि २०२१ मध्ये, हिवाळी अधिवेशन नागपूरला झालंच नाही, मुंबईतच उरकलं. त्यानंतर पुन्हा नागपूर सुरू झालं, तेव्हाची ही गोष्ट. नोव्हेंबरात विधिमंडळ सचिवालयाकडून प्रश्नांचा गठ्ठा आला. गठ्ठा म्हणायची सवय, येतं सगळं ऑनलाइनच. त्यातला एक आमच्या वाट्याला आला, तारांकित, म्हणजे ज्याचं उत्तर मंत्र्यांनी सभागृहात तोंडी द्यायचं असतं. मजकूर असा:

‘(१) … जिल्ह्यातील मुलींच्या शासकीय वसतिगृहातील सौर उष्णजल संयंत्र मागील दोन वर्षांपासून बंद असल्याने विद्यार्थिनींची गैरसोय होत असल्याचे माहे सप्टेंबरमध्ये निदर्शनास आले, हे खरे आहे काय, (२) असल्यास, उक्त प्रकरणी शासनाने चौकशी केली आहे काय, (३) असल्यास, चौकशीत काय आढळून आले व त्यानुसार कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे, (४) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?’

धरण फुटलेलं असो की नळ बंद असो, प्रश्नाचा साचा हाच. नवीन आलेल्या पोरांना गंमत वाटते. पण या चार पोटप्रश्नांत खात्याला पळायला फार थोडी जागा उरते, विशेषतः चौथ्यात. काही केलं नसेल तर का नाही केलं तेही लिहून द्यावं लागतं, आणि तेही मंत्र्यांच्या नावाने छापलं जातं.

प्रश्न आल्या आल्या कार्यासनात पहिली चर्चा होते ती ‘यामागे कोण?’ याची. आमच्याकडच्या सगळ्यात जुन्या लिपिकांना सगळे आण्णा म्हणत. त्यांचा ठाम सिद्धांत होता, की स्थानिक विषयावरचा प्रश्न एकतर पेपरातल्या कात्रणातून येतो, नाहीतर काम न मिळालेल्या कंत्राटदाराकडून, नाहीतर बदली झालेल्या अधिकाऱ्याकडून. या वेळी त्यांनी कंत्राटदारावर बोट ठेवलं. प्रश्न विचारणारे आमदार सत्ताधारी बाजूचेच होते, त्यामुळे चर्चेला आणखी धार आली. बाहेरच्यांना वाटतं की प्रश्न विचारायचे विरोधकांनी आणि बाकं वाजवायची सत्ताधाऱ्यांनी. प्रत्यक्षात मतदारसंघातल्या रस्ता-पाणी-शाळेवरचे कितीतरी प्रश्न सत्ताधारी आमदारच लावतात. आणि खरं सांगायचं तर खात्याला तेच जड जातात. विरोधकाला ‘राजकारण करताय’ म्हणून वाटेला लावता येतं; आपल्याच माणसाला काय म्हणणार?

मी जिल्ह्याला फोन लावला. तिकडचे अधिकारी मोठ्या उत्साहात होते.

“मॅडम, संयंत्र चालू आहे की. एकदम फर्स्ट क्लास.”

“कधीपासून?”

थोडा वेळ गेला. “काल संध्याकाळपासून.”

त्यात बेरकीपणा काही नव्हता. आमचं पत्र पोचायच्या आधीच व्हॉट्सअ‍ॅपवर प्रश्नाचा फोटो जिल्ह्यात फिरला होता आणि दोन वर्षं ज्या दुरुस्तीला निधी नव्हता, तंत्रज्ञ नव्हता, वरिष्ठांची मान्यता नव्हती, ती एका दुपारीत झाली होती. पाठोपाठ फोटो आले, जिओ टॅगवाले, तारीख-वेळ खाली छापलेली. गच्चीवर निळसर काचांची पॅनेलं, त्यातल्या एकीला आडवा तडा. मागे वाळत घातलेली फरशी पुसायची फडकी. दुसऱ्या फोटोत न्हाणीघरातला नळ सोडलेला, खाली हिरवी बादली, आणि वाफ दिसावी म्हणून फोटो काढणाऱ्याने मागे काळी छत्री उघडून धरलेली. छत्री धरणारा हात गृहपालांचा, म्हणजे वसतिगृह सांभाळणाऱ्या बाईंचा असावा, बांगड्यांवरून. तो फोटो आमच्या कार्यासनात बरेच दिवस गाजला.

मग जिल्ह्याचं उत्तराचं प्रारूप आलं: ‘(१) हे खरे नाही. (२) ते (४) प्रश्न उद्भवत नाही.’ एवढंच.

आणि गंमत अशी की त्या तारखेला ते खोटंही नव्हतं. संयंत्र चालू होतं, पाणी गरम येत होतं, पुरावा छत्रीसकट हजर होता. पण प्रश्न सप्टेंबरबद्दल होता. मी गृहपाल बाईंना थेट फोन केला. हे रीतीला धरून नव्हे, पण सगळे करतात. त्या आधी घाबरल्या. मग म्हणाल्या, “मॅडम, मी इथं आल्यापासून ते बंदच होतं. मी पाच पत्रं दिलीत. आवक-जावकात बघा.” त्यांनी जावक क्रमांक वाचून दाखवले. पोरी आंघोळीला काय करतात, विचारलं. तर म्हणे, रॉड लावतात बादलीत, खोलीतल्याच प्लगवर.

मी टिपणीत पत्रांचे जावक क्रमांक घातले आणि पहिल्या भागाचं उत्तर ‘होय, हे खरे आहे’ असं केलं. अवर सचिव मॅडमनी ते वाचलं आणि चष्मा काढून ठेवला. चष्मा काढला की बराच वेळ बसायचं, हे ठरलेलं. त्यांचं म्हणणं, ‘मागील दोन वर्षांपासून’ हे आपल्याकडे सिद्ध आहे का? पत्रं दीड वर्षाचीच आहेत. मग पूर्ण ‘होय’ कसं? उपसचिव साहेबांनी ते ‘अंशतः खरे आहे’ केलं. तिथून नस्ती, म्हणजे फाइल, मंत्री कार्यालयात गेली आणि परत आली. खासगी सचिवांचा निरोप: जिल्ह्याने ‘खरे नाही’ म्हटलंय, फोटो आहेत, मग तुम्हाला कबुली द्यायची एवढी हौस का?

यावर साहेबांनी जे केलं ते माझ्या लक्षात राहिलं. त्यांनी वाद घातला नाही. प्रशिक्षणात ते एक जुनं प्रकरण नेहमी सांगायचे, तेच त्यांनी खासगी सचिवांना फोनवर सांगितलं, मी समोर बसले होते. १९५७ साली लोकसभेत आयुर्विमा महामंडळाने घेतलेल्या शेअर्सबद्दल एक साधा प्रश्न आला होता. सरकारने दिलेलं उत्तर गुळमुळीत होतं. डिसेंबरात फिरोज गांधींनी कागद हातात घेऊन तेच प्रकरण उभं केलं, स्वतःच्या सासऱ्यांच्या, म्हणजे पंतप्रधान नेहरूंच्या सरकारविरुद्ध, सत्ताधारी बाकावरून. सव्वा कोटीच्या आसपासचे, उद्योगपती हरिदास मुंदडांच्या कंपन्यांचे शेअर्स. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती छागला यांनी मुंबईतच चौकशी केली, तीही उघड्यावर, लोकांच्या गर्दीसमोर. फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री कृष्णम्माचारी यांना जावं लागलं. साहेबांचा शेवटचा मुद्दा नेहमी वेगळाच असायचा: त्यात अर्थसचिव एच. एम. पटेल यांचीही कारकीर्द संपली, आणि १९७७ मध्ये तेच पटेल देशाचे अर्थमंत्री झाले. “आपल्यापैकी कोणी मंत्री होणार नाही,” साहेब म्हणाले, “तेव्हा आपण उत्तर नीट लिहू.” पलीकडून हसण्याचा आवाज आला. गरम पाण्याला मुंदडा प्रकरण लावणं म्हणजे जरा जास्तच होतं, पण ‘अंशतः’ टिकलं. सोबत एक वाक्यही गेलं: ‘गृहपाल यांनी वेळोवेळी पत्राद्वारे कळविले होते.’ हे वाक्य छापून येऊ नये म्हणून जिल्ह्याने पुढचे दोन दिवस किती फोन केले, विचारू नका.

उत्तर चार ओळींचं. खरी मेहनत पूरक टिपणीची. सदस्य उपप्रश्न काय विचारतील याचा अंदाज बांधून उत्तरं आधीच लिहून ठेवायची. राज्यात अशी वसतिगृहं किती, किती ठिकाणी संयंत्रं, किती बंद, देखभालीचा करार कोणाकडे, दिरंगाईला जबाबदार कोण. मी सगळ्या जिल्ह्यांना तक्ता पाठवला. काहींनी दुसऱ्याच दिवशी भरून दिला. काहींनी ‘निरंक’, म्हणजे शून्य, लिहिलं, त्यातून संयंत्रं निरंक की बिघाड निरंक हे कळेना. एका जिल्ह्याने संयंत्रांऐवजी गच्च्यांची संख्या दिली. रात्री उशिरापर्यंत फोन. बदलापूर लोकलमध्ये उभ्याउभ्या मी एका हाताने कडी धरून दुसऱ्या हाताने आकडे घेतलेले आहेत. पण त्या आठवड्यात राज्यभर काय झालं असेल याचा विचार करा. प्रत्येक जिल्ह्यात कुणीतरी शिडी लावून गच्चीवर गेलं. एरवी तिथे कोण जातं?

नागपूरचं एक वेगळंच. १९५३ च्या नागपूर करारात वर्षातून एक अधिवेशन तिथे घ्यायचं ठरलं, म्हणून १९६० पासून अख्खं सरकार हिवाळ्यात बिऱ्हाड हलवतं. पूर्वी फाइलींच्या पत्र्याच्या ट्रंका भरभरून जायच्या. ई-ऑफिस आल्यावर ट्रंका कमी झाल्या, बंद झाल्या नाहीत, कारण ऐन वेळी नेट जाईल ही भीती कुणाच्याच मनातून जात नाही. कर्मचाऱ्यांची सोय ‘१६० गाळे’ नावाच्या सरकारी वसाहतीत, सकाळी तर्री पोहे, रात्री कुडकुडणं. मुंबईकरांना थंडी म्हणजे काय ते तिथे कळतं. पहिल्याच पहाटे मी गिझरच्या नळाखाली हात धरून उभी होते तेव्हा मला त्या वसतिगृहातल्या पोरी आठवल्या, हे मात्र खरं. विधान भवनाकडे जाताना रस्त्यात मोर्चे अडवलेले असतात: अंगणवाडी सेविका, विनाअनुदानित शिक्षक, संगणक परिचालक. यांच्यातल्या कितीतरी जणांचे प्रश्न आमच्या छापील यादीत असतात, आणि ते मात्र बॅरिकेडच्या पलीकडे, पोलिसांनी वाटलेलं पाणी पीत बसलेले.

आमचा प्रश्न यादीत अकरावा लागला. म्हणजे सभागृहात येणार नाही, असं धरून चालायचं. यादी लांबलचक असते आणि तासाभरात जेमतेम पाच-सहा प्रश्न होतात. उरलेल्यांची उत्तरं छापील कागदावरच राहतात. पण त्या दिवशी एक सदस्य गैरहजर, एक प्रश्न राखून ठेवला, दोन मंत्र्यांनी थोडक्यात आटोपलं, आणि घड्याळात अजून दहा-बारा मिनिटं असताना अध्यक्षांनी अकरावा क्रमांक पुकारला. अधिकाऱ्यांच्या गॅलरीत आमचे साहेब ताठ झाले. मी मागे टिपणी घेऊन.

मंत्री उभे राहिले, ‘उत्तर छापल्याप्रमाणे’ म्हणाले. आमदारांचा पहिला उपप्रश्न आमच्या यादीत होता, तो पार पडला. दुसरा नव्हता. ते म्हणाले, “मंत्रिमहोदय, दोन हिवाळे संयंत्र बंद होतं हे आपण अंशतः मान्य केलंत. मग या दोन हिवाळ्यांत मुलींनी पाणी कशावर तापवलं?”

मंत्र्यांनी गॅलरीकडे बघितलं. ही नजर सगळ्या अधिकाऱ्यांना ओळखता येते. साहेबांनी माझ्याकडे हात केला आणि मी चिठ्ठी लिहिली: ‘रॉड. खोलीत. धोका.’ सभागृहातल्या कर्मचाऱ्यामार्फत ती मंत्र्यांपर्यंत जाईपर्यंत ते ‘मुलींची सुरक्षितता ही शासनाची प्राथमिकता आहे’ या अर्थाची दोन-तीन वाक्यं बोलून वेळ काढत होते. चिठ्ठी वाचली, क्षणभर थांबले, आणि म्हणाले, “अध्यक्ष महोदय, काही ठिकाणी रॉडचा वापर झाला असावा. ते धोकादायक आहे. राज्यातल्या सर्व वसतिगृहांची विद्युत सुरक्षा तपासणी करून त्याची माहिती पटलावर ठेवण्यात येईल.”

साहेबांनी डोळे मिटले. ‘सर्व’ आणि ‘पटलावर’ हे दोन शब्द चिठ्ठीत नव्हते; पटलावर ठेवणं म्हणजे सभागृहापुढे लेखी सादर करणं. मग दोन सदस्य आपापल्या तालुक्यातल्या गळक्या गच्च्या घेऊन उठले, त्यातल्या एकाने विषय थेट रस्त्यांवर नेला, आणि प्रश्नोत्तरांचा तास संपला.

दुसऱ्या दिवशीच्या पेपरात याची एक ओळ नव्हती. तो दिवस पायऱ्यांवरच्या घोषणांचा होता. मला याचं नवल वाटत नाही, पण निवृत्तीनंतर बाहेरून बघताना थोडं जास्त खुपतं. २०२५ च्या पावसाळी अधिवेशनातलं लोकांना काय आठवतं? सभागृहात एका मंत्र्यांच्या मोबाइलवर दिसलेले पत्ते. मंत्री म्हणाले, मी खेळत नव्हतो. पुढे त्यांचं खातं बदललं. त्या दिवशी सभागृहात कामकाज काय चालू होतं, सांगा बरं. त्याच्या आधीच्या हिवाळ्यात, २०२४ ला, नागपुरात मंत्र्यांचा शपथविधी अधिवेशनाच्या आदल्या दिवशी झाला आणि खातेवाटप झालं ते अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी. आता खातंच नसलेल्या मंत्र्याला कोणत्या खात्याचा प्रश्न विचारायचा? दिल्लीत २०२० च्या सप्टेंबरात कोविडचं कारण देऊन प्रश्नोत्तरांचा तास सबंध अधिवेशनापुरता वगळला होता, तेव्हा आमच्या कॅन्टीनमध्ये काही जण म्हणाले होते, ‘बरं झालं, सुटले बिचारे.’ आण्णा चहा ठेवून म्हणाले, “सुटले कोण? जिल्ह्यावाले सुटले.”

विरोधी पक्षनेत्याच्या खुर्चीबद्दलही लोक विचारतात. २०२४ च्या निकालात २८८ पैकी ठाकरेंच्या शिवसेनेला २०, काँग्रेसला १६ आणि शरद पवारांच्या राष्ट्रवादीला १०. एकालाही एक दशांश गाठता आला नाही, आणि त्यावरून ते पद अडलं. माझं मत विचाराल तर हे वाईटच आहे, पण कारण लोक समजतात ते नव्हे. भाषण कुणीही करेल. विरोधी पक्षनेत्याच्या दालनात माणसं असतात, कागद जमा होतात, नाराज अधिकारी गुपचूप झेरॉक्स आणून देतात. आमदाराकडे एक स्वीय सहायक, तोही बदल्या आणि लग्नपत्रिकांत बुडालेला. प्रश्नातली तारीख चुकली की आम्ही ‘हे खरे नाही’ लिहून मोकळे होतो. ती तारीख बरोबर लिहायला कुणीतरी बसलेलं असावं लागतं.

आमच्या प्रश्नातली तारीख बरोबर होती. ती कुठून आली ते मला नागपुरातच, लॉबीत त्या आमदारांच्या सहायकाकडून कळलं. कंत्राटदार वगैरे कुणी नव्हतं. एका मुलीचे वडील एसटीत वाहक. ते सप्टेंबरात मुलीला सोडायला गेले, तिथे रॉड बघितला, आणि आमदारांच्या कार्यालयात अर्ज देऊन पोच घेऊन आले. पोचेवरची तारीख तीच प्रश्नात. आण्णांना सांगितलं तर म्हणाले, “वाहक माणूस. तिकीट घेतल्याशिवाय सोडणार नाही.”

अधिवेशन संपलं आणि खरा ताप सुरू झाला. मंत्र्यांचं ते वाक्य सभागृहाच्या अहवालातून उचललं गेलं आणि आश्वासन म्हणून आमच्याकडे आलं. प्रश्न अधिवेशनाबरोबर संपतो, आश्वासन संपत नाही. त्याची पूर्तता होईपर्यंत विधिमंडळाची आश्वासन समिती विचारत राहते, आणि तिच्यासमोर साक्षीला सचिवांना बसावं लागतं, कक्ष अधिकाऱ्याला नव्हे. त्यामुळे सचिव दर महिन्याच्या बैठकीत पहिल्यांदा तेच विचारायचे. मी पुन्हा तक्ता काढला, या वेळी ‘निरंक’चा पर्यायच ठेवला नाही. वीज निरीक्षकांचे दाखले मागवले. दोन ठिकाणी असं निघालं की संयंत्र गच्चीवर चढवलं होतं, बिल अदा झालं होतं, पण पाण्याची जोडणीच कधी झाली नव्हती. एका वसतिगृहात अर्थिंग नव्हतं. आधी मागून न मिळालेला दुरुस्तीचा निधी ‘आश्वासन पूर्ततेसाठी’ असं वर लिहिल्यावर मंजूर झाला. वित्त विभागाचे प्रश्न काही कमी झाले नाहीत, पण फाइल परत येत होती, हेच आमच्यासाठी पुष्कळ.

पूर्ततेची माहिती पटलावर जाईपर्यंत मंत्री बदलले होते. नव्यांनी सही करताना विचारलं म्हणे, “हे कधी बोललो मी?”

माझ्या निवृत्तीच्या जरा आधी गृहपाल बाईंचा फोन आला. आता त्यांना भीती वाटत नव्हती. पाणी छान येतं म्हणाल्या, तडा गेलेली काचही बदलली. मग आवाज खाली आणून, “मॅडम, इथल्या मेसच्या छताचं पण असंच आहे हो. पत्रं देऊन झालीत. एखादा तारांकित लागेल का?”

मी म्हटलं, बाई, मी सरकारी नोकर, मी कसा लावणार. त्या वाहकांचा नंबर आहे का तुमच्याकडे?

“आहे ना,” त्या म्हणाल्या. “पालक सभेच्या वहीत आहे.”